मोठ्या व्हीआर एरिनात खेळाडूंचं ट्रॅकिंग: १५ बाय २० मीटरच्या हॉलची आखणी, मोजणी आणि तपासणी

आठ जण व्हीआरचे (आभासी जग दाखवणारे) हेडसेट चढवून एका हॉलमध्ये फिरत असतात, तेव्हा त्यांच्यापैकी कुणालाही खरा हॉल दिसत नाही आणि शेजारचा खरा माणूसही दिसत नाही. दिसतं ते त्या माणसाच्या मोजलेल्या जागेवर उभं केलेलं चित्र. मोजमाप अर्धा मीटर चुकलं, तर चित्र एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, आणि मग दोघांची कपाळं एकमेकांवर आपटतात.

घरी एकट्याने खेळताना ट्रॅकिंग, म्हणजे हेडसेटच्या जागेची सतत चालणारी मोजणी, पाच सेंटिमीटर सरकलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. एरिनात प्रश्न वेगळा आहे. तिथे प्रत्येक हेडसेट किती अचूक आहे यापेक्षा आठही हेडसेटचं एकमेकांशी किती जुळतं, यावर सगळं अवलंबून असतं. आठही एकाच बाजूला तीन सेंटिमीटर चुकले तर चालतं. एकच चुकला तर नाही. आणि हे एकमत बिघडतं तेव्हा दोष बहुतेक वेळा हेडसेटचा नसतोच. फरशी, भिंत, उजेड आणि नकाशा (हॉलमधल्या खुणांची हेडसेटने साठवलेली नोंद), या चारांतच कुठेतरी तो सापडतो.

कोणती पद्धत घ्यायची

आधी बाहेरून बघणारी पद्धत होती. २०१५ साली मेलबर्नमध्ये झीरो लेटन्सी या कंपनीने आपला पहिला एरिना उघडला, तेव्हा छताला प्लेस्टेशन आय या गेमिंग कॅमेऱ्याचे १२९ नग लावले होते आणि ते खेळाडूंच्या डोक्यावरचे, बंदुकांवरचे चमकते गोळे टिपायचे. ऑप्टिट्रॅक आणि व्हायकॉनच्या मोशन कॅप्चर यंत्रणा त्याच तत्त्वावर चालतात. इन्फ्रारेड कॅमेरे, अंगावर मार्कर, आणि एकच मार्कर दोन-तीन कॅमेऱ्यांतून दिसला की त्रिकोण जुळवून त्याची जागा काढायची. सगळे खेळाडू एकाच यंत्रणेने मोजले जात असल्यामुळे एकमत फुकटात मिळतं, हा या पद्धतीचा मोठा गुण. पण खर्च कॅमेऱ्यांच्या संख्येवर चढत जातो. प्रत्येक जागा कागदावर दोन कॅमेऱ्यांना दिसली तर पुरते, प्रत्यक्षात तीन-चारांना दिसावी लागते, कारण माणसं एकमेकांना झाकतात. शिवाय छताचा सांगाडा तापला, हलला किंवा कुणी शिडी लावताना कॅमेऱ्याला धक्का दिला, की कॅलिब्रेशनची (कॅमेरे पुन्हा जुळवून घेण्याची) कांडी घेऊन पुन्हा अख्खा हॉल फिरा.

व्हॉल्व्ह कंपनीच्या लाइटहाउस यंत्रणेत उलटं आहे. भिंतीवरच्या पेट्या लेसरचा झोत फिरवतात आणि हेडसेटवरचे सेन्सर झोत केव्हा लागला ते बघतात. पहिल्या आवृत्तीचा रोटर सेकंदाला ६० फेऱ्या मारायचा, म्हणजे एक अंश जायला साधारण ४६ मायक्रोसेकंद. वेळ मोजली की कोन मिळतो. अचूकता देखणी, पण दुसऱ्या आवृत्तीच्या चार पेट्यांची मर्यादा साधारण १० बाय १० मीटर आहे. आपल्या हॉलला ती पुरत नाही.

म्हणून आता नव्या एरिनांचा कल आतून बघणाऱ्या ट्रॅकिंगकडे आहे, जिथे कॅमेरे हेडसेटवरच असतात. झीरो लेटन्सीनेही पुढे छताचे कॅमेरे सोडून व्हाइव्ह फोकस ३ हा असा हेडसेट घेतला. खालची सगळी कृती याच पद्धतीची आहे.

हेडसेटच्या आत काय चालतं

दोन गोष्टी एकत्र काम करतात. एक, आयएमयू: त्वरण आणि फिरण्याचा वेग सेकंदाला सुमारे हजार वेळा मोजणारी चिप. दोन, कॅमेरे: सेकंदाला ३० ते ६० वेळा भिंतीवरचे, फरशीवरचे ठळक बिंदू ओळखून ते आधीच्या चित्राच्या तुलनेत किती सरकले ते बघणारे.

चिप वेगवान आहे पण भरवशाची नाही. तिला गुरुत्वाकर्षण वजा करावं लागतं, आणि त्यासाठी हेडसेट किती कललाय हे नेमकं माहीत हवं. कलाचा अंदाज एका अंशाने चुकला, तर गुरुत्वाकर्षणाचा ०.१७ मीटर प्रतिसेकंद वर्ग एवढा तुकडा खरी हालचाल म्हणून मोजला जातो. एका सेकंदात साडेआठ सेंटिमीटर, तीन सेकंदांत पाऊण मीटर. म्हणजे कॅमेऱ्यांना काही दिसेनासं झालं, की चिपच्या एकटीच्या जोरावर हेडसेट जेमतेम सेकंदभर तग धरतो. एरिनातली पुढची सगळी उठाठेव त्या कॅमेऱ्यांना कायम काहीतरी ओळखीचं दिसत राहावं यासाठी आहे.

यूडब्ल्यूबीचे (रेडिओ लहरींवरून अंतर मोजणारे) टॅग लावून भागेल का, असा प्रश्न हमखास येतो. त्यांची चूक साधारण १० ते ३० सेंटिमीटरची. कोण कुठल्या कोपऱ्यात आहे हे ऑपरेटरला दाखवायला ठीक, पण डोळ्यांसमोरचं चित्र त्यावर चालवलं तर खेळाडूला दोन मिनिटांत मळमळेल.

पायरी १: आखणी

१५ बाय २० मीटर हे माप मुद्दाम घेतलंय. गवंडी काटकोन काढायला ३-४-५ वापरतात, तेच इथे पाचपटीने बसतं: दोन्ही कर्ण बरोबर २५ मीटर यायला हवेत. स्टीलची टेप घ्या, कापडी नको, ती ताणते. दोन कर्णांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर आखणी तिरकी आहे. ती आत्ताच सुधारा, नंतर हीच चूक नकाशाच्या माथी मारली जाते.

मग दर ५ मीटरवर जमिनीवर अधिक चिन्ह काढा. ४ बाय ५ असे २० बिंदू होतात. प्रत्येकाला नंबर द्या आणि पक्क्या रंगाने रंगवा. चिकटपट्टी महिन्याभरात पायांनी उखडते.

खेळाची हद्द भिंतीपासून किमान एक मीटर आत ठेवा. मधले खांब असतील तर त्यांना फोम गुंडाळून नकाशात अडथळा म्हणून नोंदवा. नकाशात नसलेला खांब खेळाडूला दिसणार नाही, हे सांगायला नकोच.

पायरी २: भिंती, फरशी आणि उजेड

इथे सर्वात जास्त वेळ द्या.

पांढरी कोरी भिंत कॅमेऱ्याला धुक्यासारखी वाटते, कारण तिच्यावर पकडायला काहीच नसतं. आणि एकसारखी पुन्हापुन्हा येणारी नक्षी कोऱ्या भिंतीहून वाईट. मॉलच्या जागांमध्ये ६० बाय ६० सेंटिमीटरची व्हिट्रिफाइड टाइल सर्रास असते. सगळे सांधे सारखे, त्यामुळे हेडसेट एका सांध्याला शेजारचा समजतो आणि खेळाडूचं जग एकदम ६० सेंटिमीटर उडी मारतं. उडी नेमकी ६० किंवा १२० सेंटिमीटरची असेल, तर दुसरीकडे शोधू नका, दोष टाइलचा आहे. शिवाय ती चकाकते. छतावरच्या दिव्यांची प्रतिबिंबं खेळाडूबरोबर सरकतात आणि हेडसेटला ते खरे बिंदू वाटतात. त्यावर मॅट रबर किंवा कार्पेट टाका, आणि त्यावर ठळक, वेडेवाकडे, कुठेही पुनरावृत्ती नसलेले आकार असू द्या.

आकार केवढे हवेत, याचा हिशोब सोपा आहे. बऱ्याच हेडसेटच्या ट्रॅकिंग कॅमेऱ्यांचं रेझोल्यूशन ६४० बाय ४८०च्या आसपास असतं आणि त्यात शंभराहून जास्त अंशांचं दृश्य कोंबलेलं असतं. एका अंशाला पाच-सहा पिक्सेल पडतात. १० मीटरवरून २ सेंटिमीटरचा ठिपका म्हणजे एक पिक्सेलही नाही. २० सेंटिमीटरचा आकार सहा पिक्सेल भरतो आणि तो पकडता येतो. म्हणून मोठे आकार २० ते ४० सेंटिमीटरचे हवेत आणि त्यांच्यात जवळून दिसणारे ५ ते १० सेंटिमीटरचे तुकडे हवेत. डिझायनर सुंदर, सुटसुटीत, भौमितिक काहीतरी आणून दाखवेल. नम्रपणे नकार द्या.

नक्षी दोन मीटरच्या वरही न्या. आठ जण एका जागी गर्दी करतात तेव्हा कॅमेऱ्यासमोर हलणारी शरीरंच उरतात. हलणारे बिंदू टाकून देण्याची हुशारी सॉफ्टवेअरमध्ये असते, पण दृश्यातले बहुतेक बिंदू हलायला लागले की ‘लोक सरकताहेत’ आणि ‘मी सरकतोय’ यांत त्याला फरक करता येत नाही. डोक्यांच्या वर दिसणारी स्थिर भिंत अशा वेळी वाचवते. याच कारणाने पंख्याने हलणारे पडदे नकोत. आणि दिवाळीत उत्साहाने लावलेला झुलता आकाशकंदील एरिनाच्या बाहेर, दारावरच शोभतो.

आरसे आणि काचा झाका. काचेतून ऊन येत असेल तर संध्याकाळी बनवलेला नकाशा दुपारी ओळखला जात नाही, कारण सावल्यांच्या कडाच वेगळ्या असतात. थेट ऊन हेडसेटच्या आतल्या भिंगावर पडलं तर पडदा जळतो, तो भाग वेगळाच.

उजेड डोक्याच्या उंचीवर २०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक), सगळीकडे सारखा. कमी उजेडात कॅमेरा एक्सपोजर वाढवतो आणि मान वळवताच चित्र फरपटतं. दिव्यांच्या लुकलुकण्याकडेही बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते आणि कॅमेऱ्याच्या चित्रात पट्टे पडतात. बऱ्याच हेडसेटमध्ये ५० की ६० हर्ट्झ अशी निवड असते. ती ‘आपोआप’वर न सोडता ५० करा, आणि दिव्यांना चांगला ड्रायव्हर (एलईडीला स्थिर वीज देणारा भाग) घ्या. थीमसाठी अंधारच हवा असेल, तर ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड दिवे काही हेडसेटना चालतात. पण भिंतीचा रंग इन्फ्रारेडमध्ये वेगळा दिसतो. डोळ्याला काळा-लाल ठळक वाटणारा फरक तिथे पार पुसला जाऊ शकतो. आधी एका भिंतीवर तुकडा रंगवून बघा.

पायरी ३: नकाशा काढणे

एकच हेडसेट घ्या, तो चार्ज आणि थंड असू द्या. सुरू केल्यावर अर्धा मिनिट सपाट टेबलावर न हलवता ठेवा, म्हणजे चिपला आपला शून्य सापडतो. हॉल रिकामा, दिवे खेळाच्या वेळी असतात तसेच, एसीही चालू.

सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे देवळात प्रदक्षिणा घालतो त्या संथ चालीने, भिंतीपासून दीड मीटरवरून एक फेरी. सुरुवात एक नंबरच्या बिंदूवर, शेवटही तिथेच. मग तीच फेरी उलट दिशेने. नंतर २ मीटरच्या पट्ट्यांनी हॉल नांगरल्यासारखा लांबीच्या दिशेने पार करा, आणि पुन्हा उलट. मान झटकन वळवू नका. अधूनमधून खाली आणि वर बघा. एवढ्याला साधारण पंधरा मिनिटं लागतात.

उलट दिशेने चालणं बरेच जण टाळतात आणि नंतर पस्तावतात. कोपऱ्याकडे जाताना दिसलेले बिंदू कोपऱ्यातून परत येताना त्याच कोनातून दिसत नाहीत. एका दिशेने केलेल्या नकाशात खेळाडू वळला की हरवतो. पुन्हा आरंभबिंदूवर येण्यालाही अर्थ आहे. हेडसेट ‘ही जागा मी पाहिली आहे’ हे ओळखतो आणि फिरताना साचलेली चूक अख्ख्या वाटेवर वाटून टाकतो. लूप बंद झालाच नाही, तर ती चूक एका कोपऱ्यात तशीच साचून राहते.

हा नकाशा सगळ्या हेडसेटवर चढवा. प्रत्येकाने आपापला नकाशा काढायचा नाही. फाइलच्या नावात तारीख घाला आणि आठही हेडसेटवर तीच फाइल आहे ना, हे एकेक उघडून बघा. सातांवर नवा आणि एकावर जुना नकाशा, ही धडकांमागची सर्वात साधी आणि सर्वात उशिरा सापडणारी चूक आहे. खेळताना नकाशा आपोआप सुधारत राहण्याची सोय असेल तर ती बंद करा. नाहीतर आठ नकाशे हळूहळू आठ दिशांना जातात.

पायरी ४: नकाशा हॉलला जुळवणे

नकाशाला आपला हॉल कुठे सुरू होतो हे माहीत नसतं. त्यासाठी दोन खरे बिंदू द्यावे लागतात: एक आरंभाचा, दुसरा दिशेचा. हे दोन बिंदू जितके लांब तितकं चांगलं. दोन मीटर अंतरावर घेतले आणि ठेवताना एक सेंटिमीटर चूक झाली, तर दिशा ०.२९ अंशाने फिरते आणि २० मीटरवर ती चूक १० सेंटिमीटर होते. बिंदू १५ मीटर दूर घेतले तर तीच एक सेंटिमीटरची चूक पलीकडच्या टोकाला दीड सेंटिमीटरच्या आत राहते.

हेडसेट हातात धरून अंदाजाने ठेवू नका. तो दर वेळी त्याच स्थितीत बसेल असा प्लायवुडचा साचा करून घ्या आणि साच्याच्या मध्याखाली खूण करा.

पायरी ५: पडताळणी

साचा वीसही बिंदूंवर ठेवून प्रत्येक ठिकाणी हेडसेट काय जागा सांगतो ते लिहून काढा. किमान दोन हेडसेटनी हे करा. खऱ्या जागेपासून ३ सेंटिमीटर आणि दोन हेडसेटमध्ये ५ सेंटिमीटर एवढा फरक आम्ही चालवून घेऊ, त्यापलीकडे नाही.

आकड्यांहून जास्त कळतं ते चुकांच्या आकारावरून. सगळीकडे सारखीच चूक असेल तर आरंभबिंदू चुकलाय, पायरी ४ पुन्हा करा. चूक आरंभापासून लांब जावं तशी वाढते आणि एका बाजूला वळते, म्हणजे दिशा चुकली. वाढते पण सरळ रेषेतच, म्हणजे २५ मीटरचा कर्ण हेडसेट २४.८ सांगतोय, तर नकाशाचं प्रमाण चुकलंय आणि नवा नकाशा काढायला हवा. फक्त एका कोपऱ्यात बिघाड असेल तर त्या कोपऱ्याच्या भिंतीत पकडण्यासारखं काही नाही, तिथली नक्षी वाढवा. आणि सगळे हेडसेट जुळतात पण एकच नाही, तर आधी त्याची नकाशाची फाइल बघा, मग ट्रॅकिंग कॅमेऱ्यांवरचे बोटांचे ठसे पुसा, आणि तरीही नाही जमलं तर तो दुरुस्तीला पाठवा. पडलेल्या हेडसेटमध्ये कॅमेऱ्यांमधला कोन किंचित बदलतो. बाहेरून काही दिसत नाही.

पायरी ६: जागा एकमेकांना कळवणे

प्रत्येक हेडसेट आपली जागा स्वतः काढतो. दुसऱ्याची जागा मात्र वायफायवरून येते. हा डेटा चिमूटभर असतो: एका वेळी साधारण ४० बाइट, सेकंदाला ६० वेळा, आठ खेळाडू, म्हणजे सेकंदाला वीसेक किलोबाइट. वेग कधीच अडत नाही, अडतो तो उशीर. चित्रही पीसीवरून वायफायने येत असेल तर मात्र गणित बदलतं, तिथे प्रत्येकाला शंभर मेगाबिटपर्यंत लागू शकतात.

५ गीगाहर्ट्झ, ठरावीक चॅनेल, अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारी पेटी) छताला मधोमध. रडारला वाट देण्यासाठी मध्येच उडी मारणारे चॅनेल टाळा. ३६ ते ४८ बरे. ३०० चौरस मीटरला दोन अ‍ॅक्सेस पॉइंट लावले, तर चार-चार हेडसेट वाटून बांधून ठेवा. चालता चालता एकावरून दुसऱ्यावर जाताना दुवा क्षणभर तुटतो आणि इतरांना तो खेळाडू जागच्या जागी थिजलेला दिसतो.

यातली गोम अशी, की ज्याचा दुवा तुटला त्याला स्वतःला काहीच जाणवत नाही. त्याचं स्वतःचं ट्रॅकिंग उत्तम चालू असतं, तो मजेत चालत असतो. म्हणून नियम सॉफ्टवेअरमध्येच बसवा: एखाद्याकडून ३०० मिलिसेकंद काही आलं नाही, तर बाकीच्यांना त्याच्या शेवटच्या जागी रुंद लाल खांब दाखवा. एक सेकंद आलं नाही, तर सगळ्यांचा खेळ थांबवा.

पायरी ७: धडकेची अंतरं

माणूस साधारण १.४ मीटर प्रतिसेकंद चालतो. दोघं समोरासमोर आले तर अंतर सेकंदाला २.८ मीटरने घटतं. एकूण उशीर १०० मिलिसेकंद धरला तर तेवढ्यात २८ सेंटिमीटर गेले. इशारा दिसून पाय थांबायला पाऊण सेकंद, म्हणजे आणखी दोन मीटर. शिवाय मोजतोय आपण डोकं. पुढे केलेला हात त्याच्या ७० सेंटिमीटर पुढे असतो आणि बंदूक त्याहून पुढे. एवढं सगळं बेरजेत धरलं, तर इशारा तीन मीटरहून जास्त अंतरावरच सुरू व्हायला हवा, दीड मीटरवर तो दुर्लक्ष करता येणार नाही इतका ठळक व्हायला हवा, आणि पळण्यावर सरसकट बंदी हवी.

बंदुकीवर भरवसा ठेवून अंतर मोजू नका. बंदुकीतला कंट्रोलर (हातात धरायचं उपकरण) बहुतेक वेळा हेडसेटच्याच कॅमेऱ्यांना दिसतो तेव्हाच अचूक असतो. खेळाडूने तो पाठीमागे नेला, की उरते फक्त चिप, आणि तिचं काय होतं ते वर पाहिलंच.

रोजचं काम

उघडण्यापूर्वी दहा मिनिटं: कॅमेऱ्यांच्या काचा मायक्रोफायबरने पुसा, आठही हेडसेट एक नंबरच्या बिंदूवर साच्यात ठेवून जागा बघा, मग तिरकस समोरच्या वीस नंबरवर. दोन्हीकडे आठांचा आपसातला फरक पाच सेंटिमीटरच्या आत असेल तर सुरू करा. पोस्टर बदललं, दिवा हलवला, भिंत रंगवली, तर वीसही बिंदू तपासा. दोनपेक्षा जास्त ठिकाणी बिघाड दिसला तर ठिगळं लावत बसू नका, नकाशा नव्याने काढा.

आणि खेळाडूच्या हाताशी असलेलं दृश्य पुन्हा मध्यावर आणणारं बटण बंद करा. बऱ्याच हेडसेटमध्ये ते कंट्रोलरवर दाबून धरायचं असतं. कुणीतरी गंमत म्हणून दाबतो, त्याचं अख्खं जग त्याच्यापुरतं फिरतं, बाकी सात जणांना तो भलत्याच ठिकाणी दिसतो, आणि तुमच्या मॉनिटरवर मात्र सगळे दिवे हिरवेच राहतात.